एल्मरिजचे प्रशिक्षक आणि एक तटस्थ गृहस्थ

कोणत्याही संस्थेचं थोरपण तिने किती माणसं नेमली यावरून ठरत नाही. किती माणसांना सन्मानाने घालवलं यावरून ठरतं. नेमणूक कोणीही करतो. निरोप द्यायला परंपरा लागते. इलिनॉय राज्यातल्या एल्मरिज कॉलेजकडे अशी परंपरा होती आणि ती मुख्यतः फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकांवर पोसलेली होती.

शॉमबर्गहून पश्चिमेला दोन तास गाडी हाकली, की मक्याची शेतं कधी संपणार या विवंचनेत माणूस हे कॉलेज ओलांडून पुढे जातो. परत फिरावं लागतं. विद्यार्थी नऊशे, त्यातले शंभरावर फुटबॉलच्या संघात. (इथे फुटबॉल म्हणजे तो अमेरिकन, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा.) संघाचं नाव थ्रेशर्स, म्हणजे मळणीवाले. हंगामात दर शनिवारी मळणी होत असे. कोणाची, हे विचारण्याची तिथे पद्धत नव्हती.

व्यायामशाळेच्या व्हरांड्यात चषकांसाठी काचेचं मोठं कपाट केलेलं होतं. त्यात ठेवायला काही नसल्यामुळे, संस्थेने दूरदृष्टी दाखवून समोरच्या भिंतीवर माजी मुख्य प्रशिक्षकांचे फोटो लावायला सुरुवात केली. भिंत लवकरच भरली आणि पाहुण्यांचं कपाटाकडे लक्ष जाईनासं झालं.

दोन हजार एकपासूनचा इतिहास असा. कोच हॅचर यांचा शिस्तीवर विश्वास होता. ते मुलांना आठवडाभर सूर्योदयापूर्वी पळवत, त्यामुळे शनिवारी सामन्याच्या वेळी मुलं शांत आणि आज्ञाधारक असत. पहिले सहाही सामने हरल्यावर ऑक्टोबरात त्यांनी ‘कुटुंबाला अधिक वेळ देण्यासाठी’ पद सोडलं. (कुटुंबाने तशी मागणी केलेली नव्हती. त्यांच्या पत्नीने पुढच्याच महिन्यात बाहेर नोकरी धरली.) नंतरचे कोच व्हॉस हे संस्कृती बदलायला आले. त्यांनी हेल्मेटचा रंग बदलला, ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर ‘जिद्द’, ‘निष्ठा’, ‘त्याग’ असे शब्द मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले, आणि दुसऱ्या हंगामाच्या मध्यात त्यातला शेवटचा शब्द आचरणात आणला. त्यांच्यानंतर कोच लुंडग्रेन. हे पूर्वी गाद्यांच्या कंपनीत विक्रीप्रमुख होते. ‘हरलो’ हा शब्द त्यांनी बंद केला, ‘शिकलो’ म्हणायचं. त्या हिशेबाने एल्मरिज हा त्या काळात राज्यातला सर्वांत सुशिक्षित संघ होता. चौथे कोच प्रुइट. हे जानेवारीत रुजू झाले आणि ऑगस्टमध्ये, पहिल्या सामन्याच्या दहा दिवस आधी, मोठ्या कॉलेजची नोकरी मिळाली म्हणून निघून गेले. एकही सामना न हरलेले एल्मरिजचे ते एकमेव मुख्य प्रशिक्षक. त्यांच्या फोटोखाली तसं लिहिलेलं आहे.

आता, मुख्य प्रशिक्षक हंगामाच्या मध्यात गेला तरी शनिवार काही थांबत नाही. दर वेळी उरलेले सामने ज्याच्या गळ्यात पडत, तो सहायक प्रशिक्षक म्हणजे प्रताप राजवाडे. जन्म शॉमबर्गचा, आईवडील सांगलीचे. इंजिनिअर हो म्हटलं तर याने शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. त्या धक्क्यातून वडील सावरले नाहीत, आई अहिल्याकाकू सावरल्या. प्रताप हंगामी झाला की एक विचित्र गोष्ट घडत असे. संघ जिंकत असे. त्याने हंगामी म्हणून एकवीस सामने सांभाळले, पंधरा जिंकले. कायम प्रशिक्षकांनी त्याच काळात एकोणचाळीस सामने सांभाळले, पाच जिंकले. यावरून कोणीही शहाणा माणूस जो निष्कर्ष काढील तोच संस्थेने काढला: प्रतापची गुणवत्ता हंगामीपणात आहे. त्याला कायम केलं तर ती नष्ट होण्याचा धोका होता.

असे निष्कर्ष काढण्यासाठी पाच जणांची निवड समिती होती आणि तिच्यावर संख्याशास्त्राचे प्राध्यापक गुरुदत्त पाटणकर होते. ज्या बैठकीत समितीसाठी नावं मागवली, त्या बैठकीला ते दातदुखीमुळे हजर नव्हते, म्हणून त्यांची एकमताने निवड झाली. पाटणकर मिरजेचे. अमेरिकेत येऊन पंचवीस वर्षं झालेली. माणूस सरळ, अभ्यासू आणि एका गोष्टीला अतोनात घाबरणारा. ती गोष्ट म्हणजे, ‘आपल्या माणसासाठी वशिला लावला’ असं कोणी म्हणेल. कोण म्हणेल, हे त्यांनी कधी ठरवलं नव्हतं. एल्मरिजमध्ये मराठी माणसं दोनच, ते आणि प्रताप.

प्रतापला ते तो शाळेत असल्यापासून ओळखत. अहिल्याकाकूंच्या घरी त्यांनी विद्यार्थिदशेत इतकी जेवणं केली होती, की त्या काळात त्यांच्या वजनात पडलेली भर हा काकूंचाच प्रबंध मानला जाई. मुलगा गुणी आहे, मेहनती आहे, पोरं त्याच्यावर जीव टाकतात, हे पाटणकरांना पक्कं ठाऊक होतं. समितीतल्या बाकी चौघांना मात्र तो फक्त कागदावर ठाऊक होता. म्हणून पहिल्याच वेळी, दोन हजार दोनच्या जानेवारीत, डीन केसलरबाईंनी प्रतापचा अर्ज समोर ठेवून विचारलं, की प्रोफेसर, तुम्ही यांना सर्वांत जास्त ओळखता, तुमचं मत काय?

पाटणकर उठून उभे राहिले. या उमेदवाराबद्दल मी काही बोलणं योग्य होणार नाही, असं गंभीरपणे म्हणाले आणि खोलीबाहेर गेले. जाताना दार हळूच ओढून घेतलं.

आत चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाहेर पाटणकरांना फार बरं वाटत होतं. आपल्यावर चांगले संस्कार झाले आहेत, असं त्यांना वाटत होतं, आणि ते खरंही होतं.

पुढच्या तिन्ही निवडींत हेच झालं. किंबहुना तटस्थतेचा त्यांनी उत्तरोत्तर विकासच केला. निवडीच्या दिवसांत ते अहिल्याकाकूंचा फोन घेईनात. काकूंनी पाठवलेला फराळाचा डबा त्यांनी ‘निर्णयानंतर पाठवावा’ असं म्हणून परत केला. (निर्णयानंतर काकूंनी पाठवला नाही.) प्रतापचा संघ खेळत असला की ते पाहुण्या संघाच्या बाजूला जाऊन बसत आणि दोन्हीकडच्या गुणांना सारख्याच टाळ्या वाजवत. एकदा चुकून आपल्या बाजूला दोन टाळ्या जास्त पडल्या, तेव्हा पुढचा अर्धा तास ते हात खिशात घालून बसले होते.

दोन हजार सहाचा अख्खा हंगाम प्रुइट पळाल्यामुळे प्रतापने एकट्याने सांभाळला. दहातले सात सामने जिंकले. चषकांच्या कपाटातली धूळ पुसण्याची पहिल्यांदाच सूचना निघाली. हंगाम संपल्यावर समिती बसण्याच्या आदल्या रविवारी अहिल्याकाकूंनी महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला पाटणकरांना दारातच गाठलं.

“गुरुदत्त, या वेळी तरी दोन शब्द बोल रे त्याच्यासाठी,” त्या म्हणाल्या. “खोटं नको बोलूस. जे आहे तेवढंच सांग.”

“काकू, आपल्या माणसाबद्दल आपणच बोलायचं नसतं,” पाटणकर म्हणाले. “त्याचं काम बोलेल.”

काकू वळून आत गेल्या. आयुष्यात त्यांनी कोणासाठी शब्द टाकायला कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगितल्याची त्यांना लाज वाटत होती. (इथे खेकड्यांची गोष्ट मुद्दाम सांगितलेली नाही. ती प्रत्येक मराठी वाचकाला पाठ असते आणि दर वेळी दुसऱ्याबद्दलच आठवते.)

समिती बसली. प्रतापचं काम बोललं, पण पाटणकर बाहेर गेल्यामुळे ते कोणाला ऐकू आलं नाही. मुख्य प्रशिक्षकपदी कोच हॅचर यांची फेरनियुक्ती झाली. कुटुंबाला पुरेसा वेळ देऊन झाला होता, असं पत्रकात म्हटलं होतं.

प्रतापने राजीनामा दिला. विस्कॉन्सिनमधल्या एका कॉलेजने, जिथे त्याला कोणीच ओळखत नव्हतं, त्याला पहिल्या मुलाखतीतच मुख्य प्रशिक्षक करून टाकलं. एल्मरिजने आपल्या परंपरेप्रमाणे केक आणला. हंगामी प्रशिक्षकाचा फोटो भिंतीवर लावण्याची नियमांत तरतूद नव्हती, पण केकवर त्याचं नाव होतं आणि स्पेलिंग जवळजवळ बरोबर होतं.

त्या केकच्या वेळी डीन केसलरबाई पाटणकरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, की तुमचं मला मनापासून कौतुक वाटतं. आम्ही चौघेही दर वेळी प्रतापच्याच बाजूचे होतो. पण जो माणूस त्याला लहानपणापासून ओळखतो, त्याच्याच देशाचा आहे, तो त्याचं नाव निघालं की उठून बाहेर जातो. तेव्हा काहीतरी गंभीर असणार हे आम्ही ओळखलं. तुम्ही ते काय आहे हे पाच वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नाहीत. फार खानदानी वागलात.

एका क्षणात पाटणकरांना सगळं कळलं. आपण या पोराची पाच वर्षं खाल्ली, हे त्यांना स्वच्छ दिसलं. केसलरबाईंना तिथल्या तिथे खरं सांगावं, असंही त्यांच्या मनात आलं. पण हॅचर यांच्या करारावर सह्या झाल्या होत्या, आणि आता बोलणं म्हणजे निर्णयानंतर केलेला वशिला दिसला असता. ते सुसंगत झालं नसतं.

तेवढ्यात प्रतापच त्यांच्याकडे आला. त्याचा चेहरा उतरलेला होता, पण त्याने दोन्ही हातांनी पाटणकरांचा हात धरला.

“काका, मला डीनने सांगितलं, तुम्ही प्रत्येक टाइमला रूममधून बाहेर जायचात. कोणी वशिला म्हणायला नको म्हणून, राइट?” तो म्हणाला. “दॅट्स इंटेग्रिटी. मी हे लक्षात ठेवणार आहे.”

पाटणकरांनी तोंड उघडलं. तोंडात केक होता. तो गिळून होईपर्यंत प्रताप पुढच्या माणसाशी हात मिळवत होता, आणि मग पुन्हा हाक मारून बोलावून घेण्याइतकं ते महत्त्वाचं आहे की नाही, हे पाटणकर ठरवत राहिले. फोनवर सांगू, असं त्यांनी ठरवलं. फोन तसे अधूनमधून होत. हवापाण्याबद्दल बोलणं होई.

दोन हजार आठच्या हंगामात प्रतापच्या संघाने विभागीय विजेतेपद मिळवलं. इलिनॉयच्या मंडळाला तो आपला असल्याचं त्याच आठवड्यात आठवलं. शॉमबर्गच्या हायस्कूलच्या सभागृहात दिवाळीच्या कार्यक्रमात शाल, श्रीफळ आणि ‘मराठी पाऊल पडते पुढे’ असं लिहिलेलं मानचिन्ह ठरलं. पाहुण्यांचा परिचय अर्थातच पाटणकर सरांनी करून दिला. प्रतापला पहिल्यापासून ओळखणारे तेच. त्यांनी दहा मिनिटं अगदी मोकळेपणाने त्याची स्तुती केली. आता तो कोणत्याही पदाचा उमेदवार नव्हता.

मग प्रताप बोलायला उभा राहिला. मराठी जपून जपून बोलला. म्हणाला, की मला खूप लोकांनी हेल्प केली, पण इंटेग्रिटी मी पाटणकरकाकांकडून शिकलो.

“या वर्षी मला असिस्टंट कोच हायर करायचा होता. बेस्ट अॅप्लिकंट एक मराठी मुलगा होता, देव. मी त्याला ओळखतो, ही इज रिअली गुड. कमिटीने मला विचारलं, याच्याबद्दल सांगा. मी काकांसारखं केलं. काही नाही बोललो. रूमच्या बाहेर गेलो.”

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाच्या अध्यक्षा सुनेत्राताईंनी डोळे पुसले. पोरगा इथे जन्मला, इथे वाढला, पण संस्कार गेले नाहीत, असं मागच्या रांगेत कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. अहिल्याकाकूंचे हात मांडीवर होते. पाटणकर व्यासपीठावर बसले होते, त्यामुळे त्यांना टाळ्या वाजवणं भाग होतं. त्यांनी त्या इतरांइतक्याच वाजवल्या.

देवला ती नोकरी मिळाली नव्हती, हे वेगळं सांगायला नको. त्याची आई प्रतिमा तिसऱ्या रांगेत होती. शेजारच्या बायका बघत होत्या, म्हणून तिनेही टाळ्या वाजवल्या.

वाचकहो, प्रताप चुकला असं आपलं मत झालं असेल, तर तो आपल्याला प्रतिमाबाईंचं नाव कळल्यानंतरचा परिणाम आहे. त्याआधी, तो ‘बाहेर गेलो’ म्हणाला तेव्हा, आपल्यालाही ते बरं वाटलं होतं. त्यात वावगं काही नाही. आपल्या घरात सध्या कोणी नोकरी शोधत नसेल, तर ते अगदी योग्यच आहे.