दुधातलं पापलेट

दत्तारामाविषयी लिहायचं मी आजवर टाळत आलो. आता टाळायलाही फारसं आयुष्य उरलेलं नाही.

मुरुडच्या मासळीबाजारात हा गृहस्थ कांजी केलेली, वीतभर उंच पांढरी टोपी घालून यायचा. कोळणी विचारायच्या, "दत्ता रं, डोक्यावर उशी कशाला आनलीस? निजाचा हाय का बाजारान?" तो पापलेटाचे कल्ले उचलून बघत गंभीरपणे म्हणायचा, "शास्त्र आहे, मावशी."

हे शास्त्र त्यानं मुंबईला वर्षभर पाकशास्त्राच्या वर्गात बसून मिळवलं होतं. फीसाठी आईच्या वाट्याची नारळाची झाडं गहाण टाकली. आधी तो लग्नकार्यांतला आचारी. हातात बऱ्यापैकी पैसा खेळायचा. सर्टिफिकेट आलं आणि बोलावणी थांबली. "एवढ्या शिकलेल्या माणसाला मांडवात चुलीपुढं कसं बसवायचं?" म्हणून लोक दुसरा आचारी बघू लागले. मग त्यानं एसटीच्या थांब्याजवळ खानावळ काढली. तिच्यावर झाडं सोडवायची, एवढाच त्याचा ध्यास.

मी शाळामास्तर, एकटा. तिथंच जेवायचो. एकदा त्यानं पापलेट चक्क दुधात शिजवून वाढलं.

"अरे, माशाबरोबर दूध? कोड उठेल अंगावर!"

"साहेबलोक खातात, मास्तर. शास्त्र आहे."

"म्हणूनच ते पांढरे!"

खानावळ खदखदून हसली. मला चेव आला. शाळेत, पोस्टात, पारावर मी हीच गंमत सांगत सुटलो. एकदा हशा कमी पडतोयसं वाटलं, म्हणून माझ्याच कोपरावर डाग उठल्याचं ठोकून दिलं.

कोड म्हटलं की आमच्याकडे मुलींची लग्नं मोडतात. गिऱ्हाईक तुटलं. दत्तारामानं दूध आणणं बंद केलं, भांडी कल्हई करून घेतली. तरी कुणी येईना. तो टोपी घालून दारात उभा राहायचा. शरमेनं मीही रस्ता बदलला.

झाडं शेवटी गेली. दत्तारामाला मुंबईच्या एका हॉटेलात भांडी घासायचं काम मिळालं. निघायच्या सकाळी तो पिशवी घेऊन माझ्या खोलीवर आला.

"मास्तर, कोपराचं कसं आहे?"

मला कळेचना.

"माझ्या हातचं खाऊन झालं ना ते. एकदा बघू द्या." मी बाही घट्ट धरून ठेवली. त्यानं खिशातून दुमडलेल्या नोटा काढल्या. "औषधाला ठेवा. पुढचे पैसे पगार झाला की पाठवतो."

"गेला डाग," मी म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम उजळला. "देव पावला! बाकी काय, झाडं पुन्हा लावता येतात."

डाग नव्हताच रे, मी खोटं बोललो, मला माफ कर, असं ओठांशी आलं होतं. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. मी म्हणालो, "पळ, गाडी चुकेल."