बारा अंगणांची माती

शिंपीबुवांनी जन्मभर गावाचे कपडे बेतले, पण बायकोचा एकही कपडा त्यांना धड जमला नाही. तिचे कपडे कायम ढगळ. "आखूड होण्यापेक्षा सैल बरं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आता ती खिडकीजवळच्या खाटेला खिळली होती आणि ती पुन्हा उठेल ही आशा डॉक्टरांनीही सोडली होती. कपड्यांवरून बोलणंही तिनं बंद केलं होतं, आणि शिंपीबुवांना त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

एकदा ती एवढंच म्हणाली, "बाहेर जरा हिरवं दिसलं असतं तर बरं झालं असतं."

अंगण सगळं मुरमाड. त्यावर तीन इंच चांगली माती पसरायची आणि गवत पेरायचं, असं शिंपीबुवांनी ठरवलं. टेप गळ्यातच होती. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, म्हणजे तीनशे चौरस फूट. कापड असतं तर हिशेब इथंच संपला असता, कारण कापडाची जाडी कुणी मोजत नाही. मातीची मोजावी लागते. म्हणून त्यांनी तीनशेला तीनानं गुणलं आणि मातीवाल्याला फोन लावला.

"नऊशे घनफूट पाठवा."

"शेत करताय का?"

"अंगण आहे."

"काका, माप पुन्हा एकदा बघता का?"

"मला माप शिकवू नका. हयात गेली त्यात."

पहिला डंपर रिकामा झाला आणि अंगण दिसेनासं झालं. दुसऱ्याच्या वेळी शिंपीबुवा मनाशी म्हणाले, कमी पडण्यापेक्षा जास्त बरं. तिसऱ्याला थांबवायला ते धावले, तोवर त्यानं खिडकी बुजवली होती. खोलीत अंधार झाला.

"संध्याकाळ झाली का हो?" खाटेवरून आवाज आला.

"नाही. माती आली."

दुपारी मुलगी धावत आली. तिनं ढीग बघितला, मग बापाकडे बघितलं.

"बाबा, लांबी-रुंदी फुटांत आणि जाडी इंचांत? बारानं भागायचं राहिलं. पंचाहत्तर पुरली असती."

"मग ही किती झाली?"

"बारा अंगणांची."

मातीवाला माल परत घेईना. शिंपीबुवांनी स्वतःच घमेलं उचललं आणि त्यांची कंबर धरली. मुलीनं त्यांना आईशेजारी आडवं केलं, दोन मजूर लावून ढीग खिडकीच्या काठापर्यंत उतरवला आणि विचारलं, "गवताच्या बियांचं काय करू?"

"फेकून दे."

तिनं रागारागानं त्या ढिगावरच भिरकावल्या. भाजी धुतलेलं पाणीही ती रोज तिथंच ओतू लागली.

पडल्या पडल्या शिंपीबुवांच्या लक्षात आलं, की या खाटेवरून अंगण दिसतच नाही. दिसते ती समोरची भिंत आणि वर आभाळाची पट्टी. खाली कितीही सुंदर हिरवळ केली असती, तरी हिला तिचं एक पातंही दिसलं नसतं. पडलेल्या माणसाची नजर कुठवर पोचते, हे माप घ्यायचं त्यांना सुचलंच नव्हतं. त्यांना फार लाज वाटली. त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

काही दिवसांनी मुलगी दारात येऊन म्हणाली, "बाबा, माती न्यायला माणूस मिळाला. उद्या येतोय."

शिंपीबुवा काही बोलायच्या आत बायकोनं मान वळवली. खिडकीच्या काठाला लागून, अगदी तिच्या डोळ्यांसमोर, कोवळं गवत हलत होतं.

"त्याला येऊ नको म्हणावं," ती म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा यांनी माझ्या मापाचं काही केलंय."