पांढऱ्या छताच्या मुलुखीं धातूंचा अंमल जाहला त्याची हकीकत

श्री भूमाता प्रसन्न. जिचे पोटीं बीज निजतें आणि जिचे उशाशीं आभाळ जागतें, तीस आधीं वंदन. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमी. ते दिवशीं राजश्री येसाजीराव यांसी मातुश्रींचा सूर अवचित आठवला. फार वर्षांमागें जात्यावर बसून आऊसाहेब गात, "माती माझी बाळंतीण, तिला आभाळाचं न्हाणं." परंतु रावांनीं तो शब्द मनावर घेतला नव्हता. त्यांनीं माळावर पांढऱ्या कापडाचें पॉलिहाऊस उभारिलें, जैसा दुधाचा किल्ला, आणि आंत पालक, मेथी, चाकवत यांस वतनें दिधलीं, आणि पाऊस, टोळ यांस वेशीवर मनाई केली, मग पीक बारमाही येऊं लागलें. पान पिवळें दिसलें कीं कोंबडीखताच्या गोणी दाखल होत, आणि वर फॉस्फेट, आणि बुरशी आली कीं मोरचुदाची निळी फवारणी.

मग कन्या चिमाबाई यांसी सातवा महिना लागला. घराण्याची रीत ऐसी कीं डोहाळजेवणास माहेरची पालेभाजीची पाटी जावी आणि गर्भवतीनें पहिला घास तिचाच घ्यावा. पाटी सजली, बाजारची गाडीही भरून वेशीवर उभी राहिली, तों माती तपासणारे दाजीबा निकाल घेऊन हजर जाहले कीं छताखालचे मातींत आणि पानांत विषारी धातूंनीं ठाणें दिलें आहे.

"शत्रू कोण, दाजीबा? ओढ्याच्या वरल्या अंगाचा कारखानाच ना?"

"नाही रावसाहेब, ओढ्याचं पाणी चोख आहे. कॅडमियम आलं फॉस्फेटच्या गोणीतून, तांबं मोरचुदातून, जस्त कोंबड्यांच्या खुराकातून खतात. तुम्हीच पानसुपारी देऊन आत घेतले की! माती पालटली नाही, रान पडीक ठेवलं नाही. थरावर थर बसला, आता मुळावाटे पानात चढतोय."

राव हंसले, परंतु हंसूं उसनें. "एका घासानें काय होतें? पाटी निघूं द्या."

तों पत्नी सगुणाबाई यांनीं पाटीवर हात ठेविला. "पाटी जायची नाही."

"का हो? इतकीं वर्षें आम्ही जेवलोंच ना तेथलें?"

बाईंनीं पदर सांवरिला आणि हळूच म्हणाल्या, "नाही जेवलात. खुरपताना आत गांडूळ दिसेनासं झालं, तेव्हापासून छताखालची एक काडी मी चुलीवर चढवली नाही. तुमच्या ताटातला पालक विहिरीमागच्या उघड्या वाफ्यातला. छताची तुम्हांला भारी हौस. बोलून तुमचं तोंड कसं उतरवू?"

रावांची नजर गाडीकडे वळली. "आणि बाजारांत गेला तो?"

"तेवढंच मनाला डाचायचं."

मग गाडी वेशीवरून माघारी फिरली, आणि छत उतरलें, आणि चिमाबाईंस उघड्या वाफ्यांतील चाकवत गेला. एकूण मतलब इतकाच: धातू आले गोणीनें, जातील मुंगीच्या पावलीं. माती न्हाऊन निघेतों वाट पाहणें आलें.