दोन दारं, दोन रबरं

तडजोड करावी तर मीच. हे स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. विमा कंपनीत अपघाताचे दावे मिटवणं हे माझं काम. एकमेकांच्या गाड्या ठोकून, बाह्या सरसावून आलेली माणसं माझ्या टेबलाशी बसतात आणि जाताना दारात "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करतात. त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "अहो, बाबा आणि दादा एकमेकांशी बोलत नाहीयेत, काहीतरी करा," तेव्हा मी हातातला चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही.

"रविवारी दोघं गप्पा मारताना दिसतील," मी म्हटलं.

दिसतील म्हटलं होतं. ऐकू येतील असं म्हटलं नव्हतं. पण ते पुढे येईलच.

आधी भांडण काय होतं ते सांगतो. माझे सासरे निवृत्त दंतवैद्य. उभा जन्म लोकांच्या उघड्या तोंडात बघण्यात गेला, आता उघडा रस्ता बघायचाय, असं म्हणून त्यांनी निवृत्तीनंतर एक जुनी, लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली. गाडी दिसायला देखणी आणि पळायला वाऱ्यासारखी, पण पाऊस आला की आत येऊन बसायचा. एकदा दंतवैद्यांच्या संघटनेने त्यांचा सत्कार ठेवला. सासरे फिकट रंगाचा सूट घालून, स्वतः गाडी चालवत निघाले आणि वाटेत पावसाने गाठलं. सभागृहाच्या पायऱ्यांशी उतरले तेव्हा पँटवर हा एवढा ओला डाग, आणि तो अगदी नको तिथे. समोर त्यांचे जुने विद्यार्थी रांगेने उभे. सगळे फार आदराने दुसरीकडे बघू लागले.

हसला तो फक्त एकजण. त्यांचा सख्खा मुलगा.

हसला तर हसला, वर सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबा, किती वेळा सांगितलं, दारांची रबरं बदला म्हणून!" सासऱ्यांनी मिळालेला पुष्पगुच्छ कार्यक्रमभर पोटाच्या खाली धरून ठेवला. भाषणसुद्धा त्याच अवस्थेत केलं. मला ते आठवलं की अजून वाईट वाटतं. त्या दिवसापासून बापलेकांचा अबोला.

एका घरात राहून अबोला म्हणजे सासूबाईंचे हाल. जेवायला बसलं की सासरे म्हणणार, "त्याला सांग, मीठ इकडे दे." मुलगा म्हणणार, "त्यांना विचार, अजून किती हवंय." मीठ दोघांच्या मधोमध आणि सासूबाई टेबलाच्या टोकाला.

"मी या घरात बायको आहे, आई आहे की टपालपेटी?" त्या एकदा मला म्हणाल्या. म्हणाल्या हसून, पण त्यांचे डोळे भरून आले होते. तेव्हा मात्र मी हे प्रकरण मनावर घेतलं.

आता अबोला होता हसण्यावरून, पण वाद पेटला रबरावरून. गाडीच्या दाराच्या कडेने पाणी अडवणारी रबराची पट्टी असते ना, ती. गाडीतली झिजली होती, बदलायला हवी होती, इथपर्यंत एकमत. मग सासूबाईंच्या मार्फत चर्चा सुरू झाली.

"त्याला सांग, रबर लागेल तर कंपनीचं ओरिजिनलच. दाराचं रबर म्हणजे गाडीची हिरडी. हिरडी बाजारातून आणत नाहीत."

"त्यांना सांग, कंपनीने हे रबर बनवणं कधीच बंद केलंय. आता मिळेल तो गोदामात पडून कडक झालेला माल. बाहेरचं ताजं, मऊ रबर मिळतं. मी रोज फ्रिजच्या दारांना बसवतो, एकाही फ्रिजने तक्रार केलेली नाही."

मेहुण्याचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. रबराच्या बाबतीत तो कोणाचं ऐकत नाही.

शेवटी सासऱ्यांनी कुठूनशी चौकशी करून ओरिजिनल रबर मागवलं. त्याच आठवड्यात मेहुण्याने बाहेरचं आणलं. दोघांनीही दोन-दोन पट्ट्यांचं आपापलं पुडकं गुपचूप माझ्याकडे दिलं आणि दोघांनीही एकच वाक्य म्हटलं, "तुम्ही तटस्थ आहात, तुम्हीच बसवून आणा."

इथे माझ्यातला तडजोड अधिकारी जागा झाला. दारं दोन, रबरं दोन, रुसलेली माणसंही दोन. मी गॅरेजवाल्याला म्हटलं, "चालकाच्या दाराला हे बाहेरचं बसवा आणि शेजारच्या दाराला ओरिजिनल."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून आलोय. "असं कोणी करत नाही, साहेब."

"आम्ही करतो."

"बघा बुवा. आणि नवीन रबर आहे, दारं घट्ट लागतील. थोडे दिवस उघडझाप करत राहा."

हे मी ऐकलं. करायचं मात्र राहून गेलं.

घरी आल्यावर सासऱ्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, तुमच्या मनासारखं झालंय." मेहुण्याला दुसऱ्या बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, तुझ्या मनासारखं झालंय." यात एक अक्षर खोटं नाही. उरलेल्या पट्ट्या मी चपलांच्या कपाटात मागे दडपल्या.

रविवारी सकाळी अंगणात चाचणी ठेवली. मी बागेचा पाइप घेऊन उभा. योजना साधी होती. दोघांनी आत बसायचं, मी पाणी मारायचं, आत थेंब येणार नाही, दोघंही आपापल्या रबरावर खूश आणि खुशीत माणूस बोलतो. मेहुणा म्हणाला, "पाणी चालकाच्या बाजूला येतं ना? तिथे मी बसतो. माझा भरवसा आहे." सासरे कोणाकडेच न बघता शेजारच्या सीटवर जाऊन बसले. काचा वर केल्या. दारं लागेनात, तेव्हा मी खांदा लावून दोन्ही बंद केली. असा काही आवाज झाला की मला आनंदच वाटला. बँकेची तिजोरी लागावी तसा.

मी पाणी सोडलं. पहिला काही वेळ आत दोघं दोन दिशांना बघत होते. मग मेहुण्याने खाली, स्वतःच्या मांडीकडे पाहिलं. मग सासऱ्यांनी तिकडे पाहिलं. मग सासऱ्यांचं तोंड हलायला लागलं.

"बोलतायत!" बायको ओरडली.

बोलत होते हे खरं, पण रबरं इतकी घट्ट बसली होती की बाहेर हूं की चूं नाही. नुसती तोंडं हलताना दिसत होती. मेहुण्याने स्वतःच्या दाराच्या कडेला बोट लावलं. सासऱ्यांनी आपल्या दाराच्या कडेला बोट लावलं. दोघांनी एकमेकांच्या दाराकडे पाहिलं, आणि मग दोघांनी मिळून काचेतून माझ्याकडे पाहिलं. पाइप माझ्या हातात जड झाला.

एवढ्यात सासऱ्यांनी हात उगारला.

"मारतायत त्याला," सासूबाई म्हणाल्या, आणि मग एकदम, "अगंबाई, हे असे वाकले का?"

सासरे खरोखरच पुढे वाकले होते. खांदे गदगदा हलत होते. मेहुण्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं होतं आणि त्याचीही पाठ हलत होती. मी धावत जाऊन दार ओढलं. दार हललं नाही, मूठ तेवढी हातात आली. दुसऱ्या दाराकडे गेलो, तेही ढिम्म. "बाबा, दार ढकला," म्हणून ओरडलो, पण माझा आवाज बाहेरच राहिला.

"आत हवा तरी जाते का हो?" सासूबाईंनी विचारलं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मेहुण्याच्या दुकानातले सगळे फ्रिज माझ्या डोळ्यांसमोर आले. शेजारचे कवायतीचे मास्तर कुंपणावरून ओरडले, "काच फोडा, काच!" बायकोने घरातून हातोडी आणून दिली. सासूबाईंना त्या क्षणी काही सुचत नव्हतं, त्या नुसत्या काचेवर तळहात आपटत होत्या आणि नवऱ्याला नि मुलाला आळीपाळीने हाका मारत होत्या. मी त्यांना बाजूला केलं, डोळे मिटले आणि हातोडी उचलली.

कर्रर्र असा आवाज आला.

डोळे उघडले तर सासरे आतून सावकाश हँडल फिरवून काच खाली करत होते. चार बोटं खाली आली तशी ते थांबले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं, आणि हसून हसून त्यांना धड बोलता येत नव्हतं.

"काय आरडाओरडा चाललाय?" ते म्हणाले. "जरा बोलू द्याल की नाही आम्हाला?"

काच पुन्हा वर गेली.

आम्ही तिघं अंगणात तसेच उभे राहिलो. मास्तर कुंपणामागे गेले. सासूबाई पायरीवर बसल्या आणि पदराने डोळे टिपत राहिल्या, पण तिथून हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने दोन्ही काचा खाली झाल्या आणि बापलेक खिडक्यांतून बाहेर आले. आधी मेहुणा उतरला, मग त्याने फेरा घालून बाबांना काखेत हात घालून बाहेर काढलं. मेहुण्याच्या पँटवर हा एवढा ओला डाग होता, अगदी नको तिथे.

"बघ गं," सासरे सासूबाईंना म्हणाले, "याचासुद्धा सत्कार झाला."

"मी आतच माफी मागितली, आई," मेहुणा खाली बघत म्हणाला. "इतकं गार लागतं हे मला ठाऊकच नव्हतं."

तर आत झालं होतं ते असं. पाणी दारातून येतच नव्हतं. कधीच येत नव्हतं. ते येत होतं पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून, थेट चालकाच्या मांडीवर. सासऱ्यांनी हात उगारला होता तो ती जागा दाखवायला. दोन दारांची दोन वेगळी रबरं तर त्यांना आधीच दिसली होती, त्यात पाण्याची खरी जागा कळली आणि मांडीवरचा डाग समोर. मग मात्र त्यांना हसू आवरेना.

आता पुढच्या काचेचं रबर आणायचंय. ओरिजिनल की बाहेरचं, यावर बापलेक रोज तासन्‌तास बोलतात, कधी भांडतातसुद्धा, पण समोरासमोर. मी तोंड उघडायला गेलो की दोघंही हात वर करून मला थांबवतात.

परवा जेवताना मीठ माझ्याजवळ होतं. सासरे सासूबाईंकडे वळून म्हणाले, "जावईबापूंना सांग, मीठ इकडे द्या. अर्धं मला, अर्धं याला."

"आणि आई, त्यांना म्हणावं," मेहुणा म्हणाला, "'सगळं तुम्हालाच दिलं' असं आम्हा दोघांनाही बाजूला घेऊन सांगा."

सासूबाईंनी एक शब्द न गाळता निरोप पोचवला. इतक्या खुशीत निरोप पोचवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी मीठ उचललं आणि मुकाट्याने त्यांच्याच हातात दिलं.