अर्ज मागे घेण्याची तारीख

साल दोन हजार वीस. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. बहरीनची थंडी सरत आली होती आणि एसी लावायला अजून महिना-दीड महिना अवकाश होता. वर्षात हेच काय ते दिवस, जेव्हा इथल्या माणसाला डोकं चालवावंसं वाटतं. झिंजमधल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या जगदीश तायड्यांनी ते चालवलं. पुढे जे झालं त्याला दुसरं कारण नाही.

जगदीशराव सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये हेड स्टोअरकीपर होते. शिक्षण सातवी. सव्वीस वर्षांत त्यांच्या स्टोअरमधून एक बोल्ट सहीशिवाय बाहेर गेला नव्हता. बोलणं कमी. जे बोलले ते शेवटचं, निदान वर्कशॉपमध्ये. घरी कांताबाई होत्या.

एका विषयात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. निवडणूक. अकोल्याकडच्या त्यांच्या गावच्या ग्रामपंचायतीचा निकाल ते इथून फोनवर सांगायचे आणि सांगतील तसा तो लागायचा. पद्धत साधी होती. सभा बघायची नाही, पोस्टर बघायचं नाही. अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कोण कोणासाठी बसला, एवढंच बघायचं. मतदान ही नंतरची औपचारिकता. (गावकऱ्यांना हे माहीत नसल्यामुळे ते रांगा लावतात.)

समोरच्या फ्लॅटमध्ये गुरुप्रसाद आठल्ये राहत. पुण्याचे, बँकेत नोकरी, वय चाळीसच्या आत. अमेरिकेत तेव्हा राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचं वर्ष होतं, आणि विरोधी पक्ष आपला उमेदवार कोण हे ठरवायला एकेका राज्यात मतं घेत होता. म्हणजे तिकीट कोणाला द्यायचं यासाठीच निवडणूक. जगदीशरावांना ऐकून त्या देशाची दया आली.

आठल्ये दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, लॅपटॉप घेऊन तायड्यांकडे चहाला येत. उमेदवार पुष्कळ होते आणि नावं अवघड होती, म्हणून जगदीशरावांनी ती सोपी केली होती. हसरा म्हातारा, हातवारेवाला म्हातारा, तरुण मेयर, चष्म्याची बाई, बिनचष्म्याची बाई, आणि एक पैसेवाला.

"माझं एक्सेल सांगतं, हातवारेवाले आजोबा," आठल्ये म्हणाले. "तुमचे हसरे आजोबा पहिल्या राज्यात चौथे आलेत, जगदीशराव."

"अजून माघार झाली नाही."

"कसली माघार?"

"अर्ज मागे घेतील तेव्हा बघा. मेयर आणि ती बिनचष्म्याची बाई बसणार. बसले की हसऱ्याच्या पारड्यात बसणार."

"कशावरून?"

"चेहऱ्यावरून," जगदीशराव म्हणाले.

पैज लागली. तीन मार्चला एकदम चौदा राज्यांत मतदान होतं. ज्याचा म्हातारा जास्त राज्यं घेईल तो जिंकला. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची गाडी चार शुक्रवार, सकाळी नऊ वाजता, खाली पार्किंगमध्ये, स्वतःच्या हाताने धुवायची. जगदीशरावांनी हे कागदावर घेतलं. तोंडी व्यवहार त्यांना चालत नसे. वर एक कलमही घातलं, की महिनाअखेरपर्यंत कोणीही एकाने म्हाताऱ्यांची अदलाबदल मागितली तर दुसऱ्याने ती द्यावी.

"हे कायले?" कांताबाईंनी विचारलं.

"सेफ्टी."

"मोटर तर आपली बी कधी धुतली नाई तुमी."

"धुवायची वेळ येणार नाही."

"म्हणून सांगून रायली. कपडे जुने घालजा."

दुसऱ्या राज्यात हसरा म्हातारा पाचवा आला. तिसऱ्यात दुसरा आला, पण फार मागून. इमारतीत बातमी पसरली होती. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण जगदीशरावांच्या म्हाताऱ्याची तब्येत विचारू लागला. ते एकच उत्तर देत. "माघार होऊ द्या."

पण माघारीची तारीख कोणालाच सांगता येईना. आठल्यांना माहीत नव्हती. वर्कशॉपमध्ये एक केरळी इंजिनिअर रोज अमेरिकेच्या बातम्या वाचायचा, त्यालाही माहीत नव्हती. ज्या तारखेवर सगळं अवलंबून ती तारीखच कोणी बघत नाही, याचा जगदीशरावांना राग येऊ लागला.

एकोणतीस फेब्रुवारी. शनिवार. अदलाबदलीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी त्यांनी मुलाला समोर बसवलं. प्रज्योत एका अमेरिकन कंपनीच्या ऑफिसात होता.

"अर्ज मागे घ्यायची शेवटची तारीख कोणती?"

"तसलं काही नसतं बाबा."

"मतपत्रिका कधी छापणार?"

"त्या केव्हाच छापल्या. काही लोकांची तर पोस्टाने मतंसुद्धा देऊन झालीत."

जगदीशरावांनी हिशेब मांडला. मतपत्रिका छापल्या. माघार झाल्याशिवाय मतपत्रिका छापत नाहीत, हे गावातलं पोरही सांगेल. म्हणजे तारीख होऊन गेली होती आणि कोणीच बसलं नव्हतं. सातआठ जण उभे. मतं फुटणार. मतं फुटली की ज्याची माणसं पक्की तो निघणार, आणि पक्की माणसं हातवारेवाल्याची.

ते उठले, चपला घातल्या आणि समोरची बेल वाजवली.

"कलमाप्रमाणे अदलाबदल," ते म्हणाले.

आठल्ये गोंधळले. "अहो, माझ्याकडचे आजोबा जिंकतायत. तुम्ही हरणारा मला देताय."

"कागद आहे."

"हा सरळ नुकसानीचा सौदा आहे, जगदीशराव."

"सही केली तेव्हा वाचायचं."

आठल्यांच्या पत्नी, मेधाताई, आतून म्हणाल्या, "देऊन टाक रे. वडीलधारे आहेत." आठल्यांनी सही केली. त्यांचा चेहरा उतरला होता. जगदीशराव त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

सोमवारी सकाळी मेयर बसला. मंगळवारी सकाळपर्यंत बिनचष्म्याची बाई बसली. दोघांनीही आपली माणसं हसऱ्या म्हाताऱ्याच्या मागे उभी केली. बुधवारी निकाल आला. चौदापैकी दहा राज्यं हसऱ्याची.

"पण छापलेल्या नावांचं काय?" जगदीशरावांनी प्रज्योतला विचारलं.

"राहतात तशीच, बाबा. माणूस बसतो, नाव राहतं."

"आणि कोणी त्यालाच मत दिलं तर?"

"देतात काही लोक."

जगदीशरावांनी यावर विचार केला. "असा देश चालतो कसा?" ते म्हणाले.

आठल्ये गुरुवारी स्वतः येऊन म्हणाले, "जगदीशराव, गमतीचा भाग होता. राहू द्या. शिवाय खरं बघता तुमचंच बरोबर आलं."

"कागद आहे."

"तुम्ही धुताना मला वर बसवणार नाही."

"मग खाली उभे राहा. पण फडक्याला हात लावायचा नाही."

कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या होत्या. पोरं, बाया, पुरुष, सगळी इमारत घरात होती आणि करमणुकीला काही नव्हतं. पहिल्या शुक्रवारी नऊ वाजता एकही गॅलरी रिकामी नव्हती. जगदीशरावांनी दोन बादल्या, तीन फडके आणि एक ब्रश ओळीने मांडले. छतापासून सुरुवात केली. कोणाकडे बघितलं नाही. दुसरा शुक्रवार तसाच गेला. तिसऱ्या शुक्रवारी वाळूचा वारा होता, गाडी दोनदा धुवावी लागली.

चौथ्या शुक्रवारी तोंडाला मास्क होता, हातात रबरी मोजे होते. तिसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या नाझिशबाई खाली आल्या. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"भाईसाब, इतनी अच्छी सफाई यहाँ कोई नहीं करता. हमारी भी कर दिया करो. महीने का क्या लेते हो?"

आठल्ये चेहरा लपवायला खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या पायात चपला होत्या. जगदीशराव ताठ उभे राहिले. सव्वीस वर्षांची नोकरी, सहीशिवाय न गेलेले बोल्ट, सगळं एका वाक्यात कसं सांगावं ते जुळवत होते. तेवढ्यात वरून कांताबाईंचा आवाज आला.

"पाच दिनार. अंदर से भी पोछते हैं."

जगदीशरावांनी शेवटचं चाक पुसलं, फडका पिळला, किल्ली आठल्यांच्या हातात दिली आणि जिना चढले.