मागच्या सीटवरचं वजन

हुक्केरीकरांनी पहिल्याच भेटीत मला माझं वजन विचारलं.

सर्जापूर रोडवरच्या या सोसायटीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. लिफ्टमध्ये मी आईशी फोनवर बोलत होते. सहाव्या मजल्यावर एक गृहस्थ आत आले. वय साठीच्या पुढे, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी फोन ठेवल्यावर म्हणाले, "मराठी होय? पुण्याकडच्या काय?"

मी हो म्हटलं.

"आम्ही निपाणीचे. हुक्केरीकर. सहाव्या मजल्यावर असतो." मग आंबे निवडताना बघतात तसं मला वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी विचारलं, "रागावू नका ताई, पण तुमचं वजन किती हो?"

पुण्यात असते तर मी काय उत्तर दिलं असतं ते इथे लिहीत नाही. पण या कन्नड शहरात आठवडाभर माझ्याशी घराबाहेरचं कुणी मराठीत बोललंच नव्हतं. त्या नादात मी उत्तर देऊन बसले. "पंचावन्न."

"अठ्ठावन्न धरूया," ते म्हणाले. "तीस वर्षं पंपाच्या कारखान्यात क्वालिटीला होतो. अंदाज चुकत नाही."

अठ्ठावन्नच होतं.

"मग रविवारी सकाळी सातला बेसमेंटला येता काय? स्वल्प काम आहे."

जाऊ नकोस, असं नवऱ्याने बजावलं होतं. तरी मी गेले. दोन मोटारींच्या मध्ये एक अजस्र वस्तू उभी होती. पुढे दोन चाकं, मागे एक, मध्ये सोफ्यासारखी सीट, समोर उंच काच. परदेशी बनावटीची, लांबच्या प्रवासाची तीनचाकी मोटरसायकल. कुणा हौशी माणसाकडून त्यांनी ती जुनी विकत घेतली होती. ती दुचाकींच्या जागेत मावत नव्हती आणि मोटारींच्या जागेत सोसायटी ती लावू देत नव्हती. त्यावर हुक्केरीकरांनी कमिटीला चार अर्ज लिहिले होते. पाचव्या अर्जाच्या भीतीने कमिटीने जागा दिली.

"बसा की," ते म्हणाले.

मी टुणकन उडी मारून मागे बसले. ते पुढे बसले, गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि आम्ही माणसाच्या चालीने बाहेरच्या चढाकडे निघालो. गेटवर शिवण्णा वॉचमनने मला सलाम ठोकला. "मॅडम, तुमच्याआधी इथे तांदूळ बसत होता," तो हिंदीत म्हणाला.

ते खरंच होतं. दोन महिने हुक्केरीकर मागच्या सीटवर सोना मसुरीची पंचवीस किलोंची दोन पोती आणि वर आठ किलो तूरडाळ बांधून फिरत होते. "पण तांदूळ बोलत नाही हो," ते मला म्हणाले. "पाठ दुखली तर सांगत नाही. घाबरला तरी कळत नाही."

तेव्हापासून रविवारी सकाळी तासभर मी तांदळाच्या जागी बसू लागले. दर दहा मिनिटांनी ते गाडी कडेला घेत, एक फुलस्केप वही काढत आणि विचारत, "पाठ? मान? डावी मांडी? उजवी पोटरी?" मी सांगायची, ते लिहायचे. त्यातलं काही मला पाठ झालं आहे. 'उजव्या पोटरीला इंजिनची धग. सिग्नलला दोन मिनिटांनंतर सोसवत नाही.' 'पाठीला टेका आहे, पण चार बोटं आखूड.' 'समोरच्या काचेवरून येणारा वारा पुढच्या माणसाला चुकवून मागच्याच्या कपाळावर आपटतो.' 'डावं वळण घेताना बसणारा उजवीकडे फेकला जातो. गाडी कलत नाही, म्हणून माणूस कलतो.'

एवढ्या गोष्टी वाईट आहेत तर घेतली कशाला, असं मी एकदा विचारलं.

"तक्रार नाही ताई, निरीक्षण आहे," ते म्हणाले. कंपनीलाही ते अशीच निरीक्षणं पाठवत. तिकडून प्रत्येक वेळी, आपल्या आनंददायी प्रवासाबद्दल आम्हाला आनंद वाटतो, एवढंच उत्तर येई. ते उत्तरही वहीत चिकटवलेलं असे.

गाडीचं कौतुक करताना मात्र त्यांचा आवाज बदलायचा. "ही पडत नाही बघा. सिग्नलला पाय टेकायला नको. हलवून बघा. हलवा की." मी हलवायची. हलायची नाही. दर रविवारी मला एकदा ती हलवून बघावी लागे.

एका सिग्नलला पिशव्या घेतलेल्या एक बाई थेट आमच्यापाशी आल्या. "होसा रोड बरतीरा?" येणार का, म्हणून. हुक्केरीकरांनी गंभीरपणे, ही भाड्याची नाही हो अम्मा, असं कन्नडमध्ये समजावलं. पुढच्या कोपऱ्यावर गाडी थांबवून ते मला म्हणाले, "रिक्षालासुद्धा तीनच चाकं, पण पुढं एक. झटकन वळली की कलंडते. आपल्याला पुढं दोन आहेत." त्या बाईंनी आपल्याला रिक्षा समजलं याचं दुःख होतं, की त्या आता एकचाकी तोंडाच्या रिक्षात बसणार याची काळजी, ते मला कळलं नाही.

कारण काळजी हाच त्यांचा मूळ व्यवसाय होता. ताशी बावीसच्या वर त्यांनी कधी काटा जाऊ दिला नाही. मागून पाण्याचे टँकर हॉर्न मारत, डिलिव्हरीवाले दोन्ही बाजूंनी सुळसुळत आणि मधे आम्ही वरातीसारखे. आरशात मला त्यांचे डोळे दिसत. ते रस्त्याचा एकेक फूट तपासून पुढे सोडत होते. सुरुवातीला मला हसू यायचं. पण तासभर अशा माणसाच्या मागे बसलं की ती काळजी आपल्यातही शिरते. मी सोमवारी ऑफिसच्या बसमध्येही खड्डे मोजू लागले.

खड्डे हेच त्यांचं मुख्य प्रकरण होतं. "दोन चाकी गाडीची रस्त्यावर एक रेघ," ते हवेत बोटाने काढून दाखवत. "मोटारीच्या दोन. आपल्या तीन. पुढची दोन चाकं खड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी गेली, तरी मागचं बरोबर मधे पडतं." आणि त्या मागच्या चाकाच्या डोक्यावर कोण बसतं, हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती.

ऑगस्टमधल्या एका रविवारी तसंच झालं. रात्रभर पडून गेलेल्या पावसाने रस्ता तुडुंब होता. पुढची दोन चाकं सुखरूप गेली आणि माझ्याखालची जमीनच गेली. मी वीतभर उडाले आणि आदळले. जीभ चावली गेली. रक्ताची चव आली, बाकी काही नाही.

हुक्केरीकरांनी गाडी थांबवली. मागे वळून माझ्या ओठावर रक्त बघितलं आणि खाली उतरून सरळ फूटपाथवर बसले. चेहरा चुन्यासारखा झाला होता. "कंबर हलवून बघा," ते म्हणाले. मी उतरून हलवली. "पाय उचला." उचलला. "दुसरा." अहो काका, जीभ चावली आहे फक्त, मी म्हणाले. "उभं राहून दाखवा." मी उभीच होते.

परतताना ते गाडीवर बसले नाहीत. गाडी कडेला लावून, एक रिक्षा ठरवून मला घरी पाठवलं. रिक्षावाल्याला तीनदा सांगितलं, निधानवागी, सावकाश.

पुढचे तीन रविवार ते खाली आलेच नाहीत. फोन उचलला नाही. बेसमेंटला परत आलेल्या गाडीवर कव्हर पडलं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग अपराधी वाटलं, मग भलत्या शंका येऊ लागल्या. एकटा माणूस, असं आम्ही सगळे समजत होतो. चौथ्या रविवारी सकाळी मी सहाव्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली.

दार उघडायला बराच वेळ लागला. वॉकरला धरून एक उंच, सडसडीत म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी मला बघितलं आणि हसल्या. "तू अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या. "मी पण अठ्ठावन्न. ये आत."

ती हुक्केरीकरांची थोरली बहीण. सोसायटीत कुणी त्यांना पाहिलं नव्हतं, कारण त्या दोन वर्षांत खाली उतरल्याच नव्हत्या. नाव शारदा, पण अक्काच म्हण, असं त्या म्हणाल्या. हेब्बाळच्या एका शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं मुलींना पी.टी. शिकवलं होतं. आई गेली तेव्हा हुक्केरीकर नऊ वर्षांचे होते. पुढचं अक्कांनीच केलं. लग्न दोघांचंही राहिलं.

"रिटायर झाल्यावरही मी बसनं सगळीकडं हिंडायची," त्या म्हणाल्या. "हा रिटायर झाला आणि म्हणाला, आता बस कशाला, मी सोडतो की स्कूटरवरून. आठव्या दिवशी आम्ही खड्ड्यात. त्याला खरचटलं, माझा खुबा मोडला."

"आणि मोटारीतून?"

"मोटारीत मला ओकाऱ्या होतात, लहानपणापासनं. रिक्षाचे हादरे खुब्याला सोसत नाहीत. हॉस्पिटलात मी गमतीनं म्हटलं, आता तुझ्या मागं बसायचं तर तीन चाकं पाहिजेत. यानं खरंच आणली."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. अक्कांनी तिकडे बघत आवाज खाली आणला. "डॉक्टर म्हणतात हिंडा, काही होत नाही. मला भीती नाही ग. पण मी चप्पल घातली की हा पांढरा पडतो. म्हणून मी म्हणते, नको, आज कंटाळा आहे. दोन वर्षं मला कंटाळाच आहे." त्या माझ्याकडे वळल्या. "तुला लागलं त्या दिवसापासनं जेवत नाही नीट. गाडी विकतोय. उद्या माणूस येणार आहे बघायला."

"मग आज बसा," मी म्हणाले. हे माझ्या तोंडून कसं गेलं ते मला सांगता येणार नाही.

अक्कांनी वॉकर जवळ ओढला. मग त्यांनी मोठ्याने हाक मारली. "अरू."

हुक्केरीकर बाहेर आले. शर्टाला इस्त्री नव्हती.

"विकायच्या आधी मला एकदा बसू दे," अक्का म्हणाल्या.

"नको अक्का. अजून चाचणी पुरी नाही."

"या पोरीची जीभ सोडून काय मोडलं?"

त्यांनी खिडकीतून आभाळ बघितलं. मग म्हणाले, "सरी, बरं. गेटपर्यंत जाऊया."

"गेट मला खिडकीतनं दिसतं. तळ्यावर ने. हेब्बाळला."

खाली पोचेपर्यंत हुक्केरीकरांनी मला चार वेळा विचारलं, पाऊस येईल काय. कव्हर काढलं, टायरची हवा बघितली, पुन्हा बघितली. अक्का वॉकर सोडून सीटला धरून उभ्या राहिल्या आणि तिथेच सगळं थांबलं. त्यांचा पाय सीटवरून पलीकडे जाईना. खुब्यातून गुडघ्याच्या वर तो उचललाच जात नव्हता.

हुक्केरीकर वही उघडून पानं उलटू लागले. पाठ, मान, मांडी, पोटरी, वारा, धग, सगळं होतं. "चढायचं कसं, ते बघितलंच नाही मी," ते म्हणाले. "तुम्ही उडी मारून बसायचा. माझ्या लक्षातच आलं नाही." एवढा हुशार माणूस, पण वही धरून असा उभा होता, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

अक्कांनी शिवण्णाच्या केबिनकडे बोट दाखवलं. "ती प्लास्टिकची खुर्ची आण ग."

मी आणली. शिवण्णाने खुर्ची धरली, मी अक्कांना धरलं. आधी खुर्चीवर, मग तिथून फुटबोर्डवर, मग पाय घसटत घसटत पलीकडे. पाच मिनिटं लागली. हुक्केरीकर सबंध वेळ डोळे मिटून हँडल धरून बसले होते. अक्का टेकल्या, पदर कमरेला खोचला आणि भावाच्या पाठीवर थाप मारली. ते निघाले.

साडेसात वाजले होते. तासाभरात पोचतील असा मी हिशेब केला, मग त्यांचा वेग आठवून दोन तास धरले. साडेनऊला फोन केला. उचलला नाही. गाडी चालवताना ते उचलत नाहीत, हे मला माहीत होतं. साडेदहाला पुन्हा केला. रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली की मी गॅलरीत येत होते. दुसऱ्याच्या घरात जाऊन, मग आज बसा, म्हणायला मला कुणी सांगितलं होतं? नवरा म्हणाला, अगं येतील. मी त्याच्यावर ओरडले. अकरानंतर घरात थांबवेना, म्हणून खाली येऊन शिवण्णाच्या केबिनपाशी उभी राहिले. त्याने माझ्यासाठी चहा मागवला.

पावणेएकला गेटच्या वळणावर ती उंच काच दिसली.

गाडी आत आली, जागेवर लागली, इंजिन बंद झालं. अक्कांचे केस विस्कटले होते आणि साडीला चिखलाचे शिंतोडे होते. "एक खड्डा लागला," त्या मला म्हणाल्या. "मी जिवंत आहे. तळ्यावर पाणकावळे आलेत, दीड तास बघत बसलो."

हुक्केरीकर पुढे ताठ बसून हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा काढायचा प्रयत्न करत होते. बोटं बकलभोवती फिरत होती, पण ते सुटत नव्हतं. मी पुढे झाले, पण अक्कांनी मानेने मला थांबवलं. मागूनच वाकून त्यांनी दोन्ही हात भावाच्या गळ्याशी नेले.

"मान वर कर," त्या म्हणाल्या. हुक्केरीकरांनी मान वर केली. अक्कांनी पट्टा सोडवला, हेल्मेट काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि घामाने चिकटलेले त्यांचे केस मागे सारले. "त्या उद्याच्या माणसाला नको म्हणून सांग."

हुक्केरीकरांनी मान डोलावली. वळून मात्र बघितलं नाही. खांदे हलत होते. अक्कांनी पाठीवर हात तसाच ठेवला.

मी खुर्ची आणायला केबिनकडे गेले, आणि परत यायला मुद्दाम वेळ लावला.