किरकोळ अर्ज

करुणाच्या वहीतील निबंध वाचताना धम्मानंद खिल्लारे या वकिलाच्या घशात चहाचा घोट अडकला. इयत्ता चौथीतील त्याच्या लेकीने 'माझे बाबा' या विषयावर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, 'माझे बाबा रोज काळा कोट घालून कोर्टात जातात. ते तारीख घेऊन घरी येतात.' एवढ्यावरच निबंध संपला होता आणि बाईंनी त्यास दहापैकी नऊ गुण दिले होते.

"एक गुण कशाचा कापला?" त्याने कसेबसे विचारले.

"लांबी कमी पडली म्हून," भाकरी थापता थापता त्याची पत्नी पल्लवी म्हणाली. "मजकुरात चूक न्हाई म्हने."

वसमतच्या न्यायालयात ॲडव्होकेट नरसिंगराव यांच्या हाताखाली धम्मानंदाची अकरा वर्षे व्यतीत झाली होती. या प्रदीर्घ काळात त्याने एकही साक्षीदार तपासला नव्हता. साहेब येईपर्यंत उभे राहावे, साहेब न आल्यास मुदत मागावी आणि संध्याकाळी साहेबांच्या सहीसाठी मसुदे लिहावेत, एवढीच त्याची वकिली होती. त्याचे नावदेखील वापराअभावी झिजून गेले होते. साहेब त्यास 'ज्युनिअर' म्हणत, पक्षकार 'ज्युनिअर साहेब' म्हणत, आणि कानशिले पांढरी झाली तरी कँटीनवाला त्यास 'बारके वकील' याच पदवीने चहा देत असे.

"सोडा ना मग," पल्लवी म्हणाली. "अकरा वर्षं तारखाच घेऊन राहिले. आता पगार घेऊन दाखवा."

तिने डब्याखालून वर्तमानपत्राचे कात्रण काढले. कुरुंद्याजवळील एका हळदीच्या कारखान्यास कार्यालय व्यवस्थापक हवा होता. 'लिखाण उत्तम असावे. बायोडाटा समक्ष अगर पोस्टाने द्यावा.'

"समक्षच जा."

"काळ्या कोटानं लाइनीत उभा राहू? अन् साहेबाच्या कानावर गेलं तर हाय तेबी जाईल. पोस्टानं धाडतो. नोकरी लागली की वकिलीची सनद परत करून टाकतो."

मग पल्लवी वही घेऊन बसली. "काय काय येतं तुमाला ते सांगा. म्या लिव्हते."

धम्मानंदाने बराच विचार केला. "मुदत मागता येते."

पल्लवीने लिहिले, 'वेळेचे नियोजन.'

"साहेब येईपर्यंत कोर्टाला बोलण्यात गुंतवून ठेवता येतं."

'संभाषणकौशल्य.'

"साहेबाची चूक माझीच होती, असं भर कोर्टात सांगता येतं."

पल्लवीची लेखणी थबकली. तिने एकदा पतीच्या मुखाकडे पाहिले आणि मान खाली घालून लिहिले, 'जबाबदारीची जाणीव.'

तो कागद तसाच पाकिटात घातला असता तर पुढील सर्व अनर्थ टळला असता. परंतु हस्तलिखित कागद कारखान्यास शोभणार नाही, अशा सद्विचाराने धम्मानंद तो घेऊन न्यायालयासमोरील टंकलेखक देविदास याच्याकडे गेला.

"फॉरमॅट कोनता घेऊ साहेब? दिवानी का फौजदारी?"

"न्हाई रे. साधा. नोकरीचा हाय. अन् कुनाला बोलू नको."

"साधा म्हंजे किरकोळ अर्ज," असा निवाडा देऊन देविदासाने संगणकातील तयार नमुना उघडला. ज्या अर्जास दुसरे कोणतेही नाव देता येत नाही, त्यास न्यायालयात किरकोळ अर्ज असे म्हणतात. घटकाभरात कागद बाहेर आला. शिरोभागी अर्जदार म्हणून धम्मानंद कोंडीबा खिल्लारे, वय ३८ वर्षे, धंदा वकिली, हे होते. त्याखाली मध्यभागी ठळक अक्षरांत 'विरुद्ध' असे होते. त्याखाली गैरअर्जदार म्हणून कारखान्याचे मालक होते. पुढे कलमे होती : 'अर्जदार हा मेहनती व प्रामाणिक इसम आहे. अर्जदारास अकरा वर्षांचा अनुभव आहे. अर्जास कारण जाहिरात वाचल्या दिवशी घडले. अर्जदाराने याच कारणासाठी अन्य न्यायालयात दाद मागितलेली नाही. सबब विनंती की, अर्जदारास नोकरी देण्याचा हुकूम व्हावा, व अर्जाचा खर्च गैरअर्जदाराकडून देववावा.'

"बराबर हाय का?" देविदासाने विचारले.

धम्मानंदाने बारकाईने वाचून एक अनुस्वार दुरुस्त केला. 'विरुद्ध' या शब्दाशी त्याची दृष्टी अडखळलीच नाही, कारण तो शब्द नसलेला कागद त्याने अकरा वर्षांत पाहिला नव्हता. पाकिटावर सवयीने वकिलीचा शिक्का उमटवून त्याने ते पोहोचपावतीसह रजिस्टर केले.

आठव्या दिवशी पाकीट परत आले. त्यावर पोस्टमनचा शेरा होता, 'घेण्यास नकार.'

"वकिलाचा शिक्का पाहून कोन घेतं पाकीट?" देविदास म्हणाला. "पन तुमी कायले घाबरता साहेब? नकार दिला म्हंजे नोटीस लागली, असंच धरतेत ना कोर्टात?"

"ती नोटीस न्हवती, देविदास."

"मंग शिक्का काहून मारला?"

धम्मानंदाने तोच कागद कोऱ्या पाकिटात घालून, शिक्का न मारता पुन्हा रवाना केला. या खेपेस पोहोचपावतीवर कारखान्याच्या पहारेकऱ्याची सही होऊन आली. पल्लवीने ती पावती देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या, बुद्धमूर्ती असलेल्या फळीवर ठेवली, पांढऱ्या सदऱ्यास इस्त्री केली आणि पोस्टमनला बजावून सांगितले, "दादा, कारखान्याचं पत्र आलं तर दाराला कुलूप असलं तरी वापस न्यायचं न्हाई. शेजारी आशाबाईकडं द्यायचं."

चार दिवसांनी नरसिंगरावांच्या कार्यालयात एक गृहस्थ घामाघूम होऊन शिरले. तांड्यावर वाढून स्वकष्टाने कारखाना उभा केलेले ते वसरामशेठ होते. त्यांनी एक कागद टेबलावर आपटला.

"वकीलसाहेब, कोन हा खिल्लारे? मी याला वळखत न्हाई, पाळखत न्हाई, अन् हा माझ्या विरुद्ध गेला! पहिलं पाकीट म्या वापस केलं, तं यानं दुसरं धाडलं. अन् वरतून खर्चबी माझ्यावरच टाकून राहिला!"

नरसिंगरावांनी कागदाकडे पाहिलेही नाही. खिल्लारे हे नाव त्यांच्या कानी पडले, परंतु ते कोणाचे, हे स्मरण्याचा प्रसंग त्यांच्यावर अकरा वर्षांत आला नव्हता. "ज्युनिअर, उत्तर लिव्हा. सगळं नाकारा. एकबी मुद्दा मान्य करायचा न्हाई," असे फर्मावून ते कानास फोन लावून बाहेर गेले.

धम्मानंदाने कागद उचलला. दुरुस्त केलेला अनुस्वार त्याने तत्काळ ओळखला.

"शेठ," ओठांवरून जीभ फिरवीत तो म्हणाला, "नीट वाचलं तर हा मानूस नोकरी मागून राहिला."

"वकील कुठं नोकरी मागतो का? काईतरी डाव असंल."

"समजा, खरंच मागत असंल तर?"

वसरामशेठ जरा नरमले. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "ज्युनिअर साहेब, खरं सांगू? जागा रिकामीच हाय. दोन महिने झाले, चांगलं लिव्हनारं मानूस भेटून न्हाई राहिलं."

धम्मानंदाच्या मुखी स्वतःचे नाव आले. ते ओठांपर्यंत येऊन उभे राहिले.

"पन वकिलाला कसा ठेवू सांगा?" शेठ पुढे म्हणाले. "उद्या जा म्हनलं तर जाईल का तो? तारीख घेईल!"

आणि स्वतःच्याच विनोदावर ते खळखळून हसले. धम्मानंदाने ते नाव गिळले आणि लेखणी उचलली.

आश्चर्य असे की लेखणी अडली नाही. 'अर्जदार मेहनती व प्रामाणिक इसम आहे, हा मजकूर खोटा असून गैरअर्जदारास मान्य व कबूल नाही. अर्जदारास अकरा वर्षांचा अनुभव आहे, हे कथन त्याने सबळ पुराव्याने शाबित करावे.' येथे मात्र तो क्षणभर थांबला. असा पुरावा कोठून आणावा, हे त्यासही सुचेना, कारण अकरा वर्षांतील एकाही कागदावर त्याची सही नव्हती. मग त्याने शेवटचे वाक्य लिहिले, 'सबब अर्जदाराचा अर्ज निरर्थक असल्याने फेटाळण्यास पात्र आहे.'

त्याने मसुदा वाचून दाखविला. शेठ भारावून गेले. "वा! काय लिव्हलंय! त्या खिल्लाऱ्याला तोंड वर काढता येनार न्हाई. असं लिव्हनारं एक मानूस मला भेटलं असतं ना!"

"अकरा वर्षं घासून तयार केला म्या याला," आत येत नरसिंगराव म्हणाले आणि न वाचताच त्यांनी सही ठोकली. त्या सहीशेजारचा शिक्का धम्मानंदानेच मारला, पत्ता धम्मानंदानेच लिहिला आणि रजिस्टरही त्यानेच केले.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी तो घरी पोहोचला तेव्हा पल्लवी विजयी मुद्रेने दारातच उभी होती.

"आज पोस्टमन आलता. तुमच्या नावानं रजिस्टर होतं. म्या लांबूनच वकिलाचा शिक्का पाहिला अन् घेतलंच न्हाई! सरळ नकार लिव्हायला लावला. अकरा वर्षं वकिलाच्या घरात हाय, एवढं कळतं मला." तिने त्याच्या हातातील पिशवी घेतली. "आता कारखान्याचं पत्र तेवढं येऊ द्या."

नाकारलेले पाकीट पोहोचले असेच कायदा धरतो, हे धम्मानंदास मुखोद्गत होते. ते तिला सांगावे म्हणून त्याने तोंड उघडले, परंतु फळीवरील ती पोहोचपावती पाहून पुन्हा मिटले.

"काढा तो कोट," पल्लवी हौसेने म्हणाली. "धुवून पेटीत ठेवून देते."

"राहू दे," धम्मानंद म्हणाला. "उद्या तारीख हाय."